काळ्या टोकांच्या डेंग्यांचा खेकडा

न्यू जर्सीहून एका मैत्रिणीचं पत्र आलं आहे. घरात 40 गॅलनची, म्हणजे साधारण 150 लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी आहे आणि तिच्यात थोडे कोरल, म्हणजे प्रवाळ. पाच आठवड्यांपूर्वी त्यांनी फ्लोरिडाहून, समुद्रात वाढवलेला लाइव्ह रॉक, म्हणजे जिवंत जीव वसलेला दगड, मागवला. तिसऱ्या आठवड्यात रात्री पाणी प्यायला उठल्या, सहज मोबाइलचा टॉर्च मारला, तर दगडाच्या भोकातून नखाएवढा, केसाळ, तपकिरी खेकडा डोकावत होता. डेंग्यांची टोकं काळी. पुढच्या दहा दिवसांत तीन गोगलगायी मेल्या आणि झोअँथिडचा, म्हणजे फुलासारखी उघडमीट करणाऱ्या कोरलसारख्या जिवांचा, एक झुपका मिटला तो उघडेचना. ज्यांना विचारलं त्या सगळ्यांचं उत्तर एकच: केसाळ आणि काळी टोकं म्हणजे गोरिला क्रॅब, दिसेल तिथे मारा. नवऱ्याचं म्हणणं, सगळे दगड काढून उकळत्या पाण्यात घालू, एकदाचं मिटेल. नऊ वर्षांच्या मुलाने मात्र खेकड्याचं नाव 'बंड्या' ठेवलंय आणि त्याला मारणार नाही असं आईकडून वचन घेतलंय. या शोधाशोधीत पोसिलोपोरा नावाच्या फांद्याफांद्यांच्या कोरलमध्ये आणखी एक इवलासा नारिंगी खेकडा सापडला. "दोघांनाही चिमट्याने काढू का? मुलाला काय सांगू? आणि खेकडा ओळखायचा कसा, हे कुणीच धड सांगत नाही," असं त्या विचारतात.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. बाकीचं सावकाश बोलू, पण दोन गोष्टी आजच्या आज.

पहिली, दगड उकळायचे नाहीत. कोणत्याही कारणाने नाहीत. झोअँथिड आणि त्याच्या भाऊबंदांमध्ये पॅलिटॉक्सिन नावाचं फार जहाल विष असू शकतं. असे दगड उकळल्यावर वाफेतून ते श्वासात जाऊन घरची माणसं इस्पितळात दाखल झाल्याच्या नोंदी आहेत. तुमच्या यजमानांनी हे काळजीपोटीच सुचवलं असणार, म्हणून त्यांनाही हा परिच्छेद वाचायला द्या. झोअँथिड असलेला दगड हाताळताना हातमोजे घाला, आणि घासणं-खरवडणं टाळा.

दुसरी, पोसिलोपोरातल्या त्या नारिंगी खेकड्याला हात लावू नका. चिमटा खणात ठेवून द्या. त्याच्याबद्दल पुढे सांगते.

आता बंड्याकडे येऊ. तुमच्या पत्रात तीन घटना आहेत: खेकडा दिसला, गोगलगायी मेल्या, झोअँथिड मिटलं. त्या एकाच पंधरवड्यात घडल्या, म्हणून त्यांची मिळून एक गोष्ट तयार झाली, आणि त्या गोष्टीत गुन्हेगार ठरला तो ज्याला तुम्ही टॉर्चमध्ये पाहिलं. तुमच्या जागी मी असते तर मलाही तसंच वाटलं असतं. पण चौथी घटना तुम्ही जाता जाता लिहिली आहे, आणि माझ्या मते सगळ्यात मोठी तीच: पाच आठवड्यांपूर्वी टाकीत नवा लाइव्ह रॉक आला. खोक्यात बसून, प्रवास करून आलेल्या दगडावर काही ना काही मरतंच, विशेषतः स्पंज. ते कुजतं, अमोनिया वर जातो. अमोनिया, क्षारता आणि खारेपणा तपासल्याचा उल्लेख पत्रात कुठेच नाही. आधी ते करा. अमोनिया शून्य हवा, विशिष्ट गुरुत्व 1.025 च्या आसपास. यातलं काही हललेलं असेल तर झोअँथिड मिटायला खेकड्याची गरज नाही.

मेलेल्या गोगलगायींचे शंख फेकले नसतील तर ते बाहेर काढा, धुवा आणि खिडकीच्या उजेडात धरा. शंखाच्या तोंडाची कड बघा. कड फोडलेली, कुरतडलेली, टवके उडालेली असेल, तर कुणीतरी जिवंत गोगलगायीपर्यंत पोचण्यासाठी शंख फोडला आहे. कड अखंड आणि आत काहीच शिल्लक नसेल, तर गोगलगाय बहुधा आधी मेली आणि मग खाल्ली गेली. टाकीत मेलेलं मांस रात्रभर शिल्लक राहत नाही. खेकडा, किडे, शंखात राहणारे हर्मिट खेकडे, सगळे जमतात. टाकीत ठेवतात त्यातल्या ॲस्ट्रिया जातीच्या गोगलगायी वाळूवर उलट्या पडल्या की त्यांना आपणहून सुलटं होता येत नाही, आणि त्या तशाच मरतात. खेकडा मढ्यापाशी सापडला एवढ्यावरून त्याने खून केला असं ठरत नाही.

आता ओळखण्याचं. माझं लहानपण मालवणात गेलं. आजी बाजारात कुर्ल्या घ्यायची तेव्हा पाठीचा रंग कधी बघायची नाही. कुर्ली उचलून उलटी करायची आणि पोटावरची पट्टी बघायची: रुंद, घुमटासारखी असेल तर मादी, अरुंद आणि टोकदार असेल तर नर. मग अंगठ्याने पोट दाबून भरलेली आहे की पोकळ ते बघायची, आणि डेंगे. रंगावर तिचा विश्वास नव्हता, कारण एकाच जातीच्या कुर्ल्या चिखलात काळ्या आणि वाळूत फिक्या निघतात. तुम्हाला मिळालेला 'केसाळ आणि काळी टोकं' हा नियम मला म्हणूनच अपुरा वाटतो. केस खूप खेकड्यांना असतात. दुकानात शेवाळ खायला म्हणून मुद्दाम विकत घेतात त्या हिरव्या एमरल्ड क्रॅबच्या पायांवरसुद्धा केस असतात. आणि मोबाइलच्या एकाच झोतात कुठलंही टोक काळंच दिसतं.

टोकं खरंच काळी असतील तर त्यातून काहीतरी कळतं, पण वेगळंच काहीतरी. फ्लोरिडाच्या स्टोन क्रॅबच्या डेंग्याचा काळा भाग आणि पिवळा भाग संशोधकांनी वेगवेगळे तपासले तेव्हा काळा भाग जास्त कठीण आणि चिवट निघाला. म्हणजे काळं टोक सांगतं की हत्यार मजबूत आहे. ते कशावर चालतं, हे टोकाच्या आकारावरून बघायचं. हिंदी-प्रशांत महासागरातून आलेल्या दगडांत काळ्या डेंग्यांचे असे छोटे खेकडे असतात की ज्यांची टोकं चमच्यासारखी खोलगट असतात आणि ते शेवाळ खरवडून जगतात. नुसत्या रंगावर गेलं तर तेही मारले जातात.

तेव्हा डेंग्याचं टोक जवळून बघा. खोलगट, पळीसारखं असेल तर तो दगडावरचं शेवाळ खरवडतो. एमरल्ड क्रॅब तसा, आणि त्याचा लालसर-तपकिरी चुलतभाऊ मिथ्रॅक्युलस फोर्सेप्सही तसाच. फ्लोरिडाच्या दगडातून हे दोघेही येतात, बबल अल्गी हे फुग्यांसारखं शेवाळ खातात, आणि त्यांना ठेवायला हरकत नाही. फक्त त्यांनाही उपाशी ठेवू नका, मोठा आणि भुकेला एमरल्ड कोरलला हात घालू शकतो. टोकं टोचणारी, एकमेकांवर घट्ट मिटणारी असतील तर तो पकडतो, फाडतो. एक डेंगा दुसऱ्यापेक्षा खूप जाड आणि त्याच्या आतल्या बाजूला दाढेसारखे उंचवटे असतील तर तो फोडणारा, आणि तुमच्या गोगलगायींचा खरा शत्रू.

मग पाय मोजा. डेंगे सोडून पायांच्या चार जोड्या दिसायला हव्यात. तीनच दिसत असतील, मिशा लांब असतील आणि तोंडाजवळचे पंखे पाण्यातून सारखे काहीतरी झेलत असतील, तर तो पोर्सेलिन क्रॅब. नावात क्रॅब असला तरी तो हर्मिटच्या जवळचा, पाणी गाळून खातो, कुणाच्या वाटेला जात नाही. त्याला पकडायला जाल तर डेंगा तुमच्या हातात सोडून पळेल, म्हणून पकडूच नका. शेवटच्या पायांची जोडी वल्ह्यासारखी चपटी असेल तर मात्र तो पोहणारा खेकडा. उन्हाळ्यात तुमच्याकडचे लोक खाडीवर जाऊन ब्लू क्रॅब धरतात, त्याचे मागचे पाय आठवा. तसे पाय असलेला पाहुणा कितीही लहान असला तरी बाहेर काढायचा. तो चपळ असतो, वाढतो, आणि झोपलेले मासेही सोडत नाही.

बंड्या फ्लोरिडाच्या दगडातून आला आहे, हा मोठा धागा आहे आणि तो कुणी वापरलेला दिसत नाही. फ्लोरिडात नैसर्गिक लाइव्ह रॉक काढायला आता बंदी आहे. राज्याच्या पाण्यात 1989 पासून, आणि केंद्राच्या अखत्यारीतल्या पाण्यातही 1997 पर्यंत ते पूर्ण थांबलं. त्यामुळे तुमचा दगड खाणीतला चुनखडक असणार. तो परवान्याच्या जागेत समुद्रतळाशी ठेवतात आणि त्यावर जीव वसले की काढतात. अशा दगडातून तिथलेच खेकडे येतात. काळ्या टोकांचे म्हटले तर मुख्यतः स्टोन क्रॅबची पिल्लं, छोटे मड क्रॅब आणि पिलुम्नस नावाचे केसाळ खेकडे. स्टोन क्रॅबची पाठ गुळगुळीत असते. पिल्लू गर्द जांभळं, जवळजवळ काळं, आणि डेंग्याच्या सांध्याजवळ पांढरा ठिपका. ते पिल्लू पुढे तळहाताएवढं होतं आणि शंख-शिंपले फोडून खातं. बंड्या केसाळ आहे, त्यामुळे तो स्टोन क्रॅब नसणार. तुमचं वर्णन बरोबर असेल तर माझा कल पिलुम्नसकडे आहे. त्याची पाठ इंच-सव्वा इंचाच्या पुढे जात नाही. तो मिळेल ते खातो: शेवाळ, मढं, आणि हाताशी आली तर छोटी गोगलगाय किंवा कोरलचा लचकाही. कोरलच्या टाकीत त्याला मोकळा ठेवावा असं मी म्हणणार नाही. पण तो राक्षसही नाही, आणि एक-दोन आठवडे नीट बघायला तुम्हाला वेळ आहे.

आता त्या नारिंगी खेकड्याविषयी. बारा वर्षांपूर्वी माझ्या टाकीत पोसिलोपोराचा एक सुंदर गुलाबी तुकडा होता. त्याच्या फांद्यांत दोन चकचकीत खेकडे दिसले. मी घाबरले, दोन रात्री जागून दोघांनाही चिमट्याने ओढून काढलं आणि फेकलं. काही आठवड्यांनी फांद्यांच्या बेचक्यात राखाडी गाळ साचायला लागला. पाण्याचा झोत मारून मी तो उडवायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढाच. कोरल बुडापासून पांढरं पडत गेलं. त्याला दुसरीही कारणं असतील, पण त्यानंतर मी त्या खेकड्यांविषयी वाचलं आणि मला फार वाईट वाटलं. ते ट्रॅपेझिया होते. पोसिलोपोराच्या फांद्यांतच राहतात, बहुतेकदा नर-मादी जोडीने, आणि कोरलचा चिकट स्राव पायांवरच्या ब्रशसारख्या केसांनी गोळा करून खातात. त्या बदल्यात घराची राखण करतात. कोरल खाणारा काटेरी तारामासा चढायला लागला तर त्याचे पाय चिमटून त्याला परतवतात. ताहितीजवळच्या मोओरेआ बेटापाशी संशोधकांनी काही कोरलमधले असे खेकडे मुद्दाम काढून पाहिले, तो अभ्यास 2006 मध्ये प्रसिद्ध झाला. खेकडे काढलेल्या कोरलवर गाळ साचला, वाढ मंदावली, आणि पुष्कळशी मेली. खेकडे तो गाळ झाडून टाकत होते.

ट्रॅपेझिया फ्लोरिडात नसतात, त्यामुळे तुमचा नारिंगी खेकडा दगडातून नाही, कोरलच्या तुकड्याबरोबरच आला असणार. खात्री करायला एक सोपी गोष्ट करा. टाकीत औषध-खाणं घालायची लांब पिपेट हळूच फांद्यांजवळ न्या. खेकडा आत दडण्याऐवजी पुढे येऊन पिपेटला ढकलायला लागला, आणि पाठ गुळगुळीत, चकाकणारी असली, तर तो ट्रॅपेझियाच. त्याला तिथेच सुखाने राहू द्या. याउलट ॲक्रोपोरा या दुसऱ्या फांद्यांच्या कोरलमध्ये मखमली लव असलेला, पांढुरका, काळ्या बोटांचा खेकडा दिसला आणि त्याच्या आसपास कोरलची कातडी उतरून पांढरा सांगाडा उघडा पडत असेल, तर तो सायमो. तो कोरलच खातो, त्याला काढावाच लागतो.

बंड्याला धरायला काचेचा सरळ, उंच ग्लास घ्या. तळाला दोन खडे वजनासाठी आणि कोळंबीचा हरभऱ्याएवढा तुकडा. दिवे गेल्यावर ग्लास त्याच्या भोकाजवळ दगडाला तिरका टेकवून ठेवा, तोंडाची कड दगडाला लागली पाहिजे म्हणजे त्याला चालत आत उतरता येईल. उतरला की गुळगुळीत काचेवरून वर येता येत नाही. टॉर्चला लाल जिलेटिन कागद लावून बघा, लाल उजेडाने ते फारसे बिचकत नाहीत. पहिल्या रात्री किडे आणि हर्मिटच सापडतील. चार-पाच रात्री लागल्या तरी नेट सोडू नका, फक्त सकाळी कोळंबी काढून टाका, ती कुजली तर पाणी बिघडेल. तरीही आला नाही तर तेवढा एकच दगड बादलीवर धरा, त्यावर झोअँथिड किंवा दुसरं कोरल नाही ना हे आधी बघा, आणि भोकात सिरिंजने साधं, बिनसाखरेचं सोडावॉटर सोडा. काही क्षणांत बाहेर पडेल, तो लगेच टाकीच्याच पाण्यात ठेवा. सगळा दगड गोड्या पाण्यात बुडवायची कल्पना कुणी दिली तर तीही नको. ज्या जिवांसाठी तुम्ही पैसे मोजून हा दगड आणलात ते सगळे त्यात मरतील.

धरल्यावर पारदर्शक डब्यात टाकीचं पाणी घालून त्यात ठेवा आणि तीन फोटो काढा: वरून, समोरून डेंग्यांची टोकं दिसतील असा, आणि डबा उचलून खालून पोटाचा. एवढ्यावर बहुतेक खेकड्यांचं कूळ तरी नक्की कळतं. दुसरीही एक युक्ती आहे, आणि ती मला सर्वांत आवडते. लहान खेकडे वारंवार कात टाकतात. एखाद्या सकाळी वाळूवर बंड्याचं पोकळ, हलकं कवच पडलेलं दिसेल, पाठीमागच्या बाजूने उघडलेलं. घरातल्या पोराला आधी रडू येईल, खेकडा मेला असं वाटेल. पण ती कात असते, आणि तिच्यावर प्रत्येक केस, प्रत्येक काटा, डेंग्याचं टोक, सगळं जसंच्या तसं असतं. ती सावलीत वाळवा आणि भिंगाखाली बघा. खेकड्याला न दुखावता त्याची इतकी बारकाईने ओळख पटवायचा दुसरा मार्ग मला माहीत नाही.

मुलाला दिलेलं वचन मोडू नका, मोडायची वेळच येत नाही. टाकीखाली सम्प, म्हणजे पाणी गाळायची जोडटाकी, असेल तर बंड्या तिथे मजेत राहील, मोटरच्या तोंडाला जाळी लावा म्हणजे झालं. सम्प नसेल तर पाच गॅलनची छोटी टाकी, हीटरवर 25 अंश, स्पंज फिल्टर, दोन दगड. आठवड्यातून दोनदा तळाला बसणाऱ्या खाण्याचे एक-दोन दाणे आणि नोरीचा, म्हणजे वाळवलेल्या समुद्री शेवाळाचा, तुकडा पुरतो. मुलाला खरं सांगा: बंड्या कदाचित गोगलगायी खातो, म्हणून त्याला वेगळी खोली द्यायची आहे. नऊ वर्षांच्या मुलाला हे कळतं. आणि ती छोटी टाकी बघायची, पाणी मोजायचं, कात जमवायची जबाबदारी त्याची करा.

बंड्या नकोसा झाला तरी त्याला समुद्रात मात्र सोडायचं नाही, अटलांटिक जवळ असला तरी. तुमच्या टाकीत जगभरचे जीव एकत्र आहेत, त्यांच्याबरोबरचे रोगही. हिंदी-प्रशांत महासागरातला लायनफिश 1985 मध्ये फ्लोरिडाच्या डेनिया बीचजवळ पहिल्यांदा सापडला, तो घरच्या टाक्यांतूनच आला असं मानलं जातं, आणि आज तो तिथल्या रीफवर सगळीकडे आहे. नकोसा खेकडा दुकानदाराला विचारून परत द्या, बरीच दुकानं घेतात.

कोकणातून हे वाचणाऱ्यांसाठीही थोडं. भारतात कठीण कोरल 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, मेलेला तुकडासुद्धा. किनाऱ्यावरून दगड उचलून घरी 'लाइव्ह रॉक' करायचा विचार सोडा. खेकडे ओळखायचे असतील तर मोठ्या ओहोटीला कातळावरच्या डबक्यांपाशी जाऊन बसा, तिथे हे सगळे चुलतभाऊ भेटतात, आणि बघून झाल्यावर दगड जसा होता तसा ठेवा. आणि कातळावरचा अनोळखी, रंगीत खेकडा रश्शात घालू नका. झँथिड कुळातल्या काही खेकड्यांचं विष शिजवून जात नाही.

तर आधी पाणी तपासा, शंखांच्या कडा बघा, पिपेट धरून पोसिलोपोरातला गडी काय करतो ते बघा, आणि मला कळवा. बंड्याचा पोटाकडून घ्यायचा फोटो मात्र मुलालाच काढू द्या. पट्टी रुंद आहे की अरुंद, तेही त्यालाच ठरवू द्या, कारण रुंद निघाली तर नाव बदलावं लागेल.